ताईची लाल खुर्ची

मी बारामतीच्या कॉलेजात इंटिरियर डिझाइन शिकते, त्याचा घरात पहिला उपयोग झाला तो एका प्लास्टिकच्या खुर्चीमुळे.

ती लाल खुर्ची इंदापूरजवळच्या आमच्या घरातली. ताईला बघायला पाहुणे आले की आई ती हॉलच्या मधोमध मांडायची. भिंतीकडेनं पाहुणे आणि समोर एकटी ताई. एरवी शाळेत गणित शिकवणारी, पोरांना धाकात ठेवणारी ताई, पण त्या खुर्चीत तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. माळेगावकडचं नवीन स्थळ येणार म्हटल्यावर मला म्हणाली, "लग्न नको असं न्हाय गं. ती खुर्ची नको."

मला फार वाईट वाटलं. कॉलेजात आमच्या बाई सांगायच्या, आधी कोण कुणाकडे बघणार ते ठरवा, मग सामान मांडा. पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच मी सोफा, दिवाण, टीव्हीचं टेबल सगळं हलवलं. ताईची जागा दिवाणावर, आईला खेटून.

"पावणं यायची येळ झाली आन् तू घर उलटंपालटं करून बसलीस व्हय?" आई करवादली. तरी सवयीनं तिनं लाल खुर्ची पुसली आणि होती तिथंच, मधोमध ठेवली.

पाहुणे आले. सोफा भरला. नवरामुलगा गाडी लावून शेवटी आत आला, तेव्हा तेवढी एकच खुर्ची उरली होती. बिचारा बसला. ताई पोहे देऊन दिवाणावर आईशेजारी बसली. आता सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याला घाम फुटला.

त्याचे वडील नेहमीच्या रीतीनं म्हणाले, "विचारा, काय विचारायचं ते."

"सैपाक येतो का?" ताईनं वर्गातल्या आवाजात विचारलं.

आईनं पदर तोंडाला लावला.

त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. "चहा येतो. भाकरी वाकडी हुती."

आधी त्याचे वडीलच हसले, मग अख्खा हॉल. ताई तर पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तिला पाहुण्यांसमोर तसं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला इतका आनंद झाला की पोहे खायचेच राहिले.

मागच्या महिन्यात मला बघायला पाहुणे यायचे होते. मी एसटीनं घरी पोचले तर दाजी माझ्या आधीच आले होते. लाल खुर्ची त्यांनी गच्चीवर नेऊन ठेवली होती.