थंड पाण्यात न जाणारा लाल

आधीच सांगून टाकते की मी बॅक्टेरिया मोजते. तेच माझं काम आहे. रोह्याच्या एका कंपनीत मी लॅबमध्ये ट्रेनी आहे. पाण्याचे नमुने काचेच्या ताटल्यांत ओतायचे, उबेला ठेवायचे आणि मग किती ठिपके उगवले ते मोजायचे, बस. आठवडाभर मी नदीपलीकडच्या अष्टमी गावात आत्याकडे राहते, सकाळी पूल ओलांडून कंपनीची बस पकडते, आणि शनिवारी संध्याकाळी पेणला घरी.

घर रामवाडीला. पप्पा गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे डोळे. मूर्तीचं बाकी सगळं कुणीही करतं, शेल्यात रंग भरायला तर काल आलेला माणूसही बसवतात, पण डोळे काढणारा एकच असतो आणि त्याच्याशी शेठसुद्धा हळू बोलतो. पप्पा डोळ्यांना बसले की उठायचे नाहीत. एक डोळा झाला आणि मध्येच उठलं तर दुसरा त्याच्या जोडीचा येत नाय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पाणी प्यायचं नाही. चहा, खारी, वडापाव, गालात तंबाखू, आणि दहा-दहा तास पाटावर बसून. सीझनमध्ये भाजी त्यांच्या पोटात फक्त रविवारी जायची, तीही आईने शिव्या घातल्यावर.

आणि मग तेच पप्पा सारखे उठायला लागले. कारखान्यातले हसायचे. देवाचे डोळे उघडायच्या आधी ह्याचं दार उघडतं, असं एकजण म्हणाला आणि ते वाक्य वर्षभर चाललं. घरी काय वेगळं नव्हतं. आमच्या चाळीत संडास सगळ्यांना मिळून एक. पप्पा आत गेले की बाहेर रांग. मी स्वतः दारावर टमरेल वाजवलंय. आत काय मूर्ती घडवताय का, असं ओरडलेय, आणि रांगेतले सगळे हसले तेव्हा मला फार भारी वाटलं होतं.

त्याच दिवसांत मला पोटातल्या बॅक्टेरियाचं वेड लागलं होतं. मोबाईलवर जे मिळेल ते वाचायचे आणि घरी येऊन जेवताना सगळं ओतायचे. म्हटलं, पप्पा, आपल्या आतड्यात एक आख्खं गाव राहतं. आपण खातो त्यातला चोथा त्या मंडळींचं जेवण. वाल, भाजी, भाकरी खाल्ली तर ती खूश. तुम्ही नुसता मैदा पाठवलात तर उपाशी राहून ती आतड्याचं अस्तरच खायला घेतात.

पप्पा म्हणाले, "म्हंजे भाडेकरू. भाडं तर देत नाय, वर भिंती खातात."

मी रोज वाटीभर दही सक्तीचं केलं. आत्याकडून वाल आणायचे, गावचे, तिच्या सासरच्या शेतातले. पप्पा मुकाट खायचे. बारीक होत चालले होते तर मी म्हटलं बघा, सूज उतरली, बॅक्टेरिया सुधारले. आत्याला फोन करून सांगितलंही.

आता धुण्याचं सांगते. रविवारी सगळ्यांचे कपडे मी धुवायचे. पप्पांच्या पायजम्यावर लाल डाग असायचे, बसायच्या जागी. आमच्या घरात लाल डागाकडे कोण बघतो? निळा डाग म्हणजे उंदीर, पिवळा म्हणजे पितांबर, लाल म्हणजे शेला. आई आल्या दिवसापासून हेच धूत आलीय. मी पायजमा थंड पाण्यात भिजवायचे आणि एक गंमत व्हायची. डागाचा मधला भाग पाण्यात सुटून जायचा, बादली गुलाबी व्हायची, पण कडेचे दोन-चार ठिपके काही केल्या निघायचे नाहीत.

मी लॅबमध्ये काम करते. रक्त थंड पाण्यात सुटतं हे मला माहीत आहे, ॲप्रनला लागलं की आम्ही तेच करतो. आणि मी अंगणातून ओरडून काय म्हटलं असेन?

"पप्पा, तुमचा शेठ यंदा रंगात पाणी मारतोय. निम्मा रंग सुटला बघा."

पप्पा दारात बसून तंबाखू मळत होते. हसले. म्हणाले, शेठ तसाच हाय.

दोन सीझन मी ते धुतलं.

गणपती गेले की आमचा कारखाना महिनाभर बंद असतो. ब्रश धुऊन उलटे ठेवतात, डबे सील करतात, शटर खाली. गेल्या वर्षी ते शटर पडून तीन आठवडे झाले होते. रविवार होता. मी पायजमा उचलला आणि लाल. मधे लाल, कडेला ठिपके. मी तो बादलीत टाकलासुद्धा. पाणी गुलाबी झालं तेव्हा मला शटर आठवलं.

मी आत गेले आणि विचारलं की कारखाना बंद असताना हा रंग कुठून आला. आईने माझ्याकडे न बघता खाटेखालून एक डबी काढली, औषधाची, प्लास्टिकची. आत शेल्याचा लाल रंग, आणि बाजूला शून्य नंबरचा ब्रश. डोळ्यांचा.

ते स्वतःच्या रक्ताभोवती ठिपके काढायचे. म्हणजे धुणाऱ्याला रंग वाटावा. धुणारी मी.

आईला अर्धं माहीत होतं. तिला वाटायचं मूळव्याध. वडखळच्या पुढे एकजण झाडपाल्याची पूड देतो, आई ती आणून द्यायची. मला का नाही सांगितलं, तर म्हणाली, बापाच्या ढुंगणाच्या गोष्टी पोरीला काय सांगायच्या गो.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. त्याच्या आधी विचारलं, किती दिवसांपासून रक्त जातंय?

पप्पा म्हणाले, "सीझनपासून."

"म्हणजे दोन महिने?"

"नाय. गेल्याच्या आधीचा सीझन."

डॉक्टर पेणचेच, गणपतीचा सीझन वर्षातून एकदाच येतो हे त्यांना माहीत. पेन खाली ठेवला. मीही आकडा लावला आणि तो दीड वर्षाच्या पुढे गेला. आतड्यात गाठ होती, आणि गाठीत कॅन्सर होता, आणि तो बाजूच्या लिम्फच्या गाठींपर्यंत पोचला होता. मी बावळटासारखं दह्याबद्दल विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, खाणं, बसणं, तंबाखू, पोटातले जंतू, सगळ्याचा हात असू शकतो, यातला नक्की कुणाचा ते एका माणसात सांगता येत नाही. पण गाठ झाल्यावर दही तिला काय करणार? रक्त दिसल्यावर लगेच आला असतात तर बोलणं वेगळं झालं असतं.

बाहेर बाकावर मी विचारलं की का लपवलंत. पप्पा म्हणाले, सीझनमध्ये ऑपरेशन म्हणजे डोळे दुसऱ्याकडे. एकदा गेलेले डोळे परत मिळत नाय. आधी वाटलं हा सीझन काढू. मग वाटलं, एक काढला तर दुसरापण निघेल.

आत्या अष्टमीहून आली, वालाची पिशवी घेऊनच. ती पप्पांची मोठी बहीण, तिच्या तोंडाला सगळे घाबरतात. सगळं ऐकून तिने पप्पांना काही म्हटलं नाही. माझ्याकडे वळली.

"दुनियेच्या नळाचं पानी तपासतेस. बापाचा पायजमा तुला दिसला नाय गो?"

कुणीच तिला गप्प केलं नाही. पप्पा तिला एवढंच म्हणाले, "बाय, मी चांगले काढले व्हते ठिपके." खरंच चांगले होते.

ऑपरेशन मुंबईला झालं. मग किमो. एका औषधाने बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, थंड काही धरवेना, आणि मग मुंग्या गेल्या आणि बोटं बधिर राहिली. डॉक्टर म्हणाले सुधारेल, थोडं तसंच राहीलही. शर्टाची बटणं आई लावते. पोटातली गाठ गेलीय, तपासण्या सध्या ठीक आहेत, हे मी मुद्दाम इथे सांगते कारण सगळे आधी तेच विचारतात.

यंदा ते कारखान्यात गेले. शेठने एक तुटक्या हाताची मूर्ती दिली, बघ म्हणाला. पप्पांनी डावा डोळा काढला, छान. उजवा काढताना ब्रश बोटांत आहे की नाही तेच त्यांना समजेना. उजवा डोळा कानाकडे गेला. तोच दाराचा विनोद करणारा म्हणाला, हा गणपती संडासची रांग बघतोय. सगळे हसले. घरी हे पप्पांनीच सांगितलं आणि स्वतःही हसले, आणि आई उठून मागे गेली.

आता आखणीला खोपोलीचा माणूस आहे. पप्पा शेले भरतात. मोठा ब्रश, मोठी जागा, चुकलं तरी चालतं. पाण्याची बाटली बाजूला ठेवतात आणि हवं तेव्हा उठतात, कारण शेल्याला जोडीचा शेला लागत नाही.

परवा रविवारी मी त्यांचा पायजमा उचलला तर मागे लाल. हातभर. बादलीत थंड पाणी घेतलं, पायजमा सोडला आणि समोर बसले. ताटलीत ठिपके उगवायची वाट बघते तशी. पाणी साफ. मी मधला भाग चोळला, परत बघितलं, साफ. साबण लावला, नखाने खरवडलं, रंग जागचा हलला नाही.

पप्पा दारात बसले होते. बोटं एकमेकांवर घासत होते, हल्ली ती सवय लागलीय.

"शेठनं यंदा चांगला रंग आणलाय," ते म्हणाले.

मी व्हय म्हटलं आणि पाणी बदलून पायजमा परत भिजवला.