संताच्या खांद्यावरचं पाऊल

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की आयर्लंडमधल्या ॲथलोनजवळचं ते जुनं चर्च आठवतं. २०२० साली विमानं बंद झाली आणि बाबा आमच्याकडे अडकले. आई तिकडे पुण्यात आजारी. रोज फिरायला गेलो की बाबा चर्चच्या दाराशी बूट काढायचे आणि मोज्यांनीच गार फरशीवरून जाऊन एका उंच खिडकीखाली उभे राहायचे. तिच्या कधीकाळी फुटलेल्या मध्ययुगीन रंगीत काचा कुणीतरी जमेल तशा जोडल्या होत्या. काचेतल्या संताच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी पाऊल होतं. "चुकलंय रे, पण फेकून नाही दिलं," बाबा म्हणायचे. एके दिवशी त्यांनी वर बघतच विचारलं, "विमानाचं काही कळलं?" विशेष विमानात त्यांना जागा मिळाल्याची मेल सकाळीच माझ्या फोनवर आली होती. "नाही, बाबा," मी म्हणालो. प्रवासात त्यांना लागण होईल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे आम्हा नवरा-बायकोची ऑफिसं घरून चालू होती आणि मुलीला सांभाळायला ते हवे होते. नऊ दिवसांनी आई गेली. आता बाबाही नाहीत. "विमानंच नव्हती, तू तरी काय करणार," असं ते शेवटपर्यंत मलाच समजावत राहिले.