मी कल्लू

डोमाजीच्या हाताला वांगी चांगली येत, आणि लोटाही चांगला येई. बोथच्या बाजारात भाजी विकून उठला की तो कल्लूच्या दुकानात टेके. कल्लू म्हणजे ताडी. भाजीचे भाव सोडले तर तेलुगूतला हा एवढाच शब्द त्याला पक्का ठाऊक. बाकी कोणी काहीही बोललं की "सरे", म्हणजे बरं, म्हणून मान हलवायची. या मान हलवण्यावर त्याचा अर्धा संसार पार पडला होता.

उरलेला अर्धा आता लिव्हरवर येऊन अडला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा प्यालात तर वाचवणं आमच्या हाती नाही. रेणुकाबाई म्हणाली, पुन्हा प्यालात तर मी भावाकडे गुडीहत्नूरला, आन तुमच्या तेराव्यालेच वापस. डोमाजीला जास्त धास्ती कोणाची, हे सांगायला नको.

आदिलाबादच्या व्यसनमुक्ती केंद्रात गोळ्या सुरू झाल्या. जोडीला रंजीता मॅडमने मेंदूची तालीम लावली. ही मंचेरियलची, घरची भाषा तेलुगू; मराठी बोलायला ती पेशंटांकडूनच शिकलेली. टॅबलेटवर दारूचं चित्र आलं की बोटाने दूर ढकलून लहान लहान करायचं, पाण्याचं आलं की जवळ ओढायचं.

"करत गेलं की डोकंच नको म्हणायला शिकतं," मॅडम म्हणाली. "पण गोळ्या सोडायच्या नाहीत. ही नुसती जोड."

"सरे," डोमाजी म्हणाला.

गडी पटाईत निघाला. आजची कामं उद्यावर ढकलण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला बाटली ढकलणं काय जड?

पण टॅबलेट अधूनमधून बोले. बाईचा गोड आवाज म्हणे, "मी कल्लू...", आणि पुढे भरभर तेलुगू. ऐकताच डोमाजीच्या घशाला कोरड पडे. डॉक्टरांनी आधीच विचारलं होतं, कानात आवाज येतात का? दारू सोडताना काहींना येतात. गावच्या चंपतला असेच आवाज यायचे, त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेलं होतं. म्हणून डोमाजी तेव्हा "नाई जी" म्हणाला होता. आता आवाज आला, तोही चक्क मराठीत: मी कल्लू. सांगावं तर इस्पितळ, न सांगावं तर मरण. परतताना बस बोथच्या फाट्यावर थांबे, समोरच कल्लूचं दुकान. तो लघवीच्या नावाने उतरे आणि झुलत घरी येई.

दुसऱ्यांदा असं झाल्यावर रेणुकाबाईने पिशवीत लुगडी भरली. "उद्याची तालीम पायतो. मंग तुमी आन तुमचं डोस्कं."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसली. टॅबलेट बोललं, डोमाजी सवयीने "सरे" म्हणाला.

"काऊन वो," ती म्हणाली, "हे मशीन कल्लू कल्लू काऊन करून राह्यलं?"

डोमाजी तिच्याकडे बघतच राहिला. "तुले बी आयकू येते?"

"मी का बहिरी हाय?"

त्याने टॅबलेट खाली ठेवलं आणि तो तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायला लागला. मॅडम धावत आली, तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अय्यो, डोमाजी गारू. कल्लू नाही, कळ्ळु. तेलुगूत मी कळ्ळु म्हणजे तुमचे डोळे. डोळे पडद्यावर ठेवा म्हणते ती."

"मंग तुमी सरे काऊन म्हनत होते?" रेणुकाबाईने नवऱ्याला विचारलं.

"समजलं नाई म्हनून."

मॅडम हसली, रेणुकाबाई हसली, डोळे पुसत डोमाजीही हसला. आवाज बंद करून पुन्हा तालीम सुरू झाली. चित्र आलं, त्याने ढकललं. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. यंत्र गप्प होतं. घसा तेवढाच कोरडा होता.

परतीची बस गुडीहत्नूरला थांबली. रेणुकाबाईने पिशवी उचलली, मांडीवरच सरळ केली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बस सुटली. डोमाजीने तेव्हा कुठे श्वास सोडला.

फाटा आला. "डोये मिटा," ती म्हणाली आणि त्याचं मनगट धरलं.

त्याने मिटले. खिडकीतून आंबूस वास आत आला. वासाला डोळ्यांची गरज नव्हती.

"सुटली का व?"

"डायवर च्या पेऊन राह्यला."

"सांग ना त्याले."

तिने मनगट आणखी घट्ट धरलं. डोमाजीचं बोट मांडीवरून काहीतरी दूर ढकलत होतं, ढकलत होतं, आणि ते लहान होत नव्हतं.