झोपेचं औषध

देवगाव रंगारीच्या स्टँडवर आईनं माझी पिशवी एसटीत चढवली. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. "रडायचं आसंल तर हितंच रडून घी," ती म्हणाली. मी रडले नाही. एसटीच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद होतं.

मुकुंदवाडीत खोली केली आणि वर्षाताईंच्या पाळणाघरात कामाला लागले. मला मूलबाळ नव्हतं, पण तिथली लेकरं मला चिकटायची. मांडीवर घेतलं की झोपायची. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण त्या वर्षांत मी सुखात होते.

पुढं मी स्वतःचं पाळणाघर काढलं. वर्षाताईंना आधी सांगून, पाया पडून निघाले. त्यांच्याकडची काही लेकरं माझ्या मागं आली. मी कुणाला बोलावलं नव्हतं.

महिन्याभरातच एकीनं लेकरू पाठवणं बंद केलं. मग दुसरीनं. शेवटी शेजारची शबाना म्हणाली, "दीदी, वो मॅडम सबको बोलरी, तुम बच्चों को नींद की दवा पिलाते करके."

मी तशीच वर्षाताईंच्या दारात गेले. "ताई, तुमच्यासमोर लेकरं झोपवली मी. कधी औषध पाहिलं माझ्या हातात?"

"मी कुठं तुझं नाव घेतलं? लेकरं जपा, एवढंच म्हणाले," त्या हसून म्हणाल्या आणि दार लावलं.

मग घरोघर फिरले. बाया चहा द्यायच्या, "आमचा विश्वास आहे हो मावशी," म्हणायच्या, आणि लेकरू पाठवायच्या नाहीत. पाळणाघर बंद पडलं. आता शेंद्र्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. आधी काय करायचे, ते तिथं कुणाला सांगत नाही.

भावाच्या मुलाच्या बारशाला गावी गेले, तर ते बोलणं माझ्याआधीच पोचलेलं. बाळ रडत होतं म्हणून उचललं. ते खांद्यावर झोपून गेलं. भावजय धावत आली. तिनं बाळ ओढून घेतलं, त्याचे गाल थोपटले, तळपायाला टिचक्या मारल्या. बाळ टाहो फोडून रडायला लागलं, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

आईनं सगळं पाहिलं होतं. निघताना म्हणाली, "मला ठाव हाय, तू आसलं काय करायची नाय." मग खाली बघत, "पण पुढच्या खेपंला लेकराला घेऊ नगं, बाई."

आता ते रांगतं. सणाला गेले की नेमकं माझ्याकडंच येतं, साडी धरून उभं राहतं. मी हात मागं घेते आणि भावजयीला हाक मारते. माहेर म्हणून एवढंच उरलंय.