खोट्या वजनाचा पलंग

पाणसळमामांना तिरकं काही बघवत नसे. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचे, मग बसायचे. खिशात कायम वीतभर लांबीची पाणसळ. काचेच्या नळीतला तो बुडबुडा मधोमध आला की मामांचा जीवही मधोमध यायचा. मुलगी बघायला गेले तेव्हा सगळा वेळ टेबलाकडेच बघत राहिले आणि निघताना म्हणाले, "याच्या एका पायाखाली पुठ्ठा लागेल." मामी अजून सांगतात, "मला वाटलं, मी नापसंत. नापसंत टेबल होतं!"

मूळचे सुतार, पण पुढे त्यांनी घरगाड्यांचे पलंग दुरुस्त करायचं काम धरलं. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर: चूल, मोरी, खिडकीला पडदा, सगळं एका मोटारीत. जागा तेवढी वीतभर, म्हणून पलंग दिवसा छताला चिकटवून ठेवतात. बटण दाबलं की चार कोपऱ्यांच्या चार पट्ट्यांवर लोंबकळत तो खाली येतो. येतो म्हणजे, यायला हवा. एका गाडीत तो अर्ध्यात अडकला, तर बिचारे मालक तीन दिवस ओणवे होऊन जेवले. दुसऱ्या एका गाडीत तो आपल्या मनानेच उतरला आणि खाली पत्ते कुटत बसलेले चौघे टेबलासकट झाकले गेले. त्यातल्या एकाने पलंगाखालूनच "हुकूम!" म्हणून ओरडून डाव मारला, असं मामा शपथेवर सांगत.

असे पलंग दुरुस्त करणारे आणखीही होते, पण मामांची तऱ्हा निराळी. ते आधी नवरा-बायकोला काट्यावर उभं करत. "रिकामा पलंग सरळच असतो हो," ते म्हणत, "रिकामं काय तिरकं असतं? माणसं आली की कळतं." पट्टे ज्याच्या त्याच्या ओझ्याने ताणतात. म्हणून कोण कुठल्या बाजूला झोपतं ते विचारायचं, दोघांचं वजन घ्यायचं, तेवढी वाळूची पोती त्या त्या बाजूला टाकायची आणि बुडबुडा मधोमध येईतो पट्टे कमी-जास्त करायचे. शेडच्या दारातच धान्याच्या दुकानातला जुना काटा मांडलेला होता. मोठमोठे लोक त्यावर निमूटपणे चढत.

आणि असा माणूस एकदा काट्याला घाबरला. त्याचीच ही गोष्ट.

मामांच्या लेकीने आपल्या मनाने एक मुलगा पसंत केला होता. मुलगा चांगला, मुलाची आई हसरी, पण वडील म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. अख्ख्या बाजाराचे तराजू या साहेबांनी तपासलेले. छटाकभर खोट असली तरी दुकानाला कुलूप. त्यांनी निरोप धाडला: आमची घरगाडी जुनी आहे, पलंग तिरका उतरतो. मुलीच्या वडिलांकडे आणतो. काम बघतो, मग लग्नाचं बोलू.

"म्हणजे तुमचीच परीक्षा," मामी म्हणाल्या.

"माझी नाही गं, पोरीची. मी फक्त पेपर लिहायचा."

 लेक शेडमध्येच बापाच्या हाताखाली काम करायची. तिने दिवसभर एकच पाना पुसला.

गाडी आली. साहेब काठीसारखे बारीक, अंगात कोट, पायात जाड बूट. बाई ऐसपैस, उतरल्या त्याच हसत. मामांनी तोंड उघडलं आणि नजर काट्यावर गेली. होणाऱ्या विहिणीला म्हणायचं कसं, की चढा यावर? आणि कुठल्या कुशीला झोपता हो, हे तरी कुठल्या तोंडाने विचारायचं?  शेवटी त्यांनी एक कोरा कागद साहेबांच्या हातात दिला. "यावर आपलं... दोघांचं... बाजू आणि आकडा... सवडीने."

साहेबांनी बाईंच्या कानाशी काहीतरी विचारलं, बाईंनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबांनी लिहिलं: डावीकडे स्वतः, अठ्ठ्याहत्तर किलो. उजवीकडे पत्नी, बावन्न किलो. खाली झोकदार सही.

लेकीने कागद वाचला, मग खिडकीतून बाईंकडे पाहिलं. "बाबा, बावन्न?"

"गप! सही आहे खाली. साक्षात वजनमाप खात्याची."

"तरीपण बाबा, डोळ्यांना दिसतंय की."

"डोळे मिट."

दोन दिवस बापलेक खपली. डावीकडे अठ्ठ्याहत्तर किलो वाळू, उजवीकडे बावन्न. पट्टे बदलले, पलंगाचे कोपरे ज्यांत सरकतात त्या खाचांना वंगण दिलं. तिसऱ्या दिवशी बुडबुडा असा मधोमध बसला की मामांनी मामींना हाक मारून तो दाखवला.

दुपारी साहेब आणि बाई आले. वाळूची पोती वर होतीच, साहेबांनी पलंगावर स्वतःची पाणसळ ठेवली. होय, त्यांनी घरून आणली होती! बुडबुडा मधोमध. "हं," साहेब म्हणाले. त्यांच्या खात्यात 'हं' म्हणजे शाबासकी.

"आता झोपूनच बघतो."

"बघा की," मामा म्हणाले, "फक्त पलंगावर असताना बटण दाबू नका."

पोती उतरवल्यावर बूट-कोट काढून साहेब छोट्या शिडीने डावीकडे चढले आणि ऐटीत आडवे झाले. पाठोपाठ बाई उजवीकडे टेकल्या मात्र, पलंगाने उजवा खांदा पाडला आणि साहेब उतारावरून सुटलेल्या बाटलीसारखे गडगडत बाईंवर गेले.

"अहो, लोक आहेत!"

"मी कुठे, पलंग..." साहेबांनी सावरायला हात टाकला, तो नेमका भिंतीवरच्या बटणावर. घुर्र्र करत पलंग तिरकाच वर निघाला, डावा कोपरा खाचेत रुतला आणि छतापासून दीड वीत अंतरावर ठप्प झाला. बटणही मेलं. वर अंधारात दोघं, आणि खाली फक्त साहेबांचा एक मोजा लोंबकळताना दिसत होता.

"आई, श्वास घेता येतोय ना?" लेकीने घाबरून विचारलं. 'आई' म्हणून गेली, तेही तिला कळलं नाही.

"येतोय गं. पण यांच्या नाकाला छत लागतंय. नाक पहिल्यापासूनच उंच!"

वरून गडगडाट झाला. तो बाईंच्या हसण्याचा होता. त्यात साहेबांचा आवाज आला, "हे असलं काम? दोन दिवस घेऊन हे असलं काम? ज्याला एक पलंग सरळ करता येत नाही, त्याच्या घरी मी सोयरीक करू?"

मामा पांढरेफटक पडले. बघा कशी कात्री ती! काम बरोबर होतं असं म्हणावं, तर विहिणीचं वजन चारचौघांत काढावं लागतं. सोयरीक तिथेच मोडली. गप्प राहावं, तर कारागीर नालायक ठरतो, तरी मोडलीच. चाळीस वर्षांत मामांनी आपल्या कामाला खोटं म्हटलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने पाना छातीशी धरला होता.

"साहेब," मामा म्हणाले, "माझंच चुकलं. पट्टे मीच वाकडे बांधले."

लेक तोंड उघडणार, तोच त्यांनी तिच्या पायावर पाय दिला.

आता आधी माणसं उतरवणं भाग होतं. डावी बाजू खाली ओढल्याशिवाय कोपरा सुटायचा नाही. मामांनी उडी मारून डावी कड धरली आणि लोंबकळले. पलंग हलला नाही.

"तुम्ही म्हणजे वाळत घातलेला सदरा," मामी म्हणाल्या, पदर खोचला आणि त्याही शेजारी लोंबकळल्या. कर्रर्र आवाज झाला, कोपरा सुटला, पलंग सपाट झाला. लेकीने पलंगाच्या मोटरची तार जुळवून बटण दाबलं आणि चौघंजण, दोन आडवी आणि दोन लोंबकळती, अगदी दमाने खाली आली. मामा-मामींचे पाय जमिनीला लागले, तरी हात सोडायची कुणाची छाती होईना. सोडला की साहेब पुन्हा गडगडणार!

साहेब मात्र आडवेच होते, डोळे छताकडे आणि बोटं हवेत. बेरीज चालली होती. "माझ्या बाजूला दोन माणसं टांगली," ते पुटपुटले, "तेव्हा कुठे काटा समतोल आला." जन्मभर तराजू बघितलेला माणूस, त्याला आणखी काय सांगायचं? त्यांनी मान वळवली. "अगं... बावन्न?"

"लग्नात होते की!" बाई म्हणाल्या.

"त्याला तीस वर्षं झाली!"

"मग? तुम्ही कुठे काट्यावर घातलंत? अख्खा बाजार काट्यावर घातलात, आणि बायकोचं ऐकून लिहिलंत. आणि स्वतःचं अठ्ठ्याहत्तर? ते कोट-बुटासकट, आणि हातात कुत्रं घेऊन!"

"कुत्रं खाली ठेवलं होतं," साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

हसून हसून मामींचा हात सुटला, पलंग कलला आणि साहेब पुन्हा बाईंवर गेले. या खेपेला तेही हसत होते. हसता हसता ठसका लागला तेव्हा बाईंनी पाठीवर जी थाप मारली, तिने अख्खी गाडी हलली.

उतरल्यावर साहेब मामांसमोर उभे राहिले. "खोटं माप माझं, त्याखाली सही माझी. तुम्ही दोष अंगावर का घेतलात?"

मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "पलंग काय, पुन्हा सरळ करता येतो, साहेब."

 साहेब मोज्यांवरच काट्यावर जाऊन उभे राहिले. छप्पन्न! मग बाईंनी मामींना बाजूला नेऊन कानात आकडा सांगितला. मामींनी तो मामांनाही सांगितला नाही, आपल्या हाताने तेवढी पोती पलंगावर टाकली. किती, ते आपणही मोजायला नको. बापलेकीने पट्टे नव्याने बांधले, आणि ऊन कलायच्या आत साहेब-बाई पुन्हा चढून आडवे झाले. पलंग हूं की चूं नाही.

खाली तिघं उभी राहिली. वरून ना 'हं', ना काही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लग्नाचं कुणी बोलेना.

"नाराज झाले वाटतं," मामा कुजबुजले.

लेकीने शिडीवर चढून डोकावलं. दोघंही गाढ झोपली होती, मध्ये हातभर जागा सोडून, आपापल्या बाजूला. गाडी घेतल्यापासून पहिली सरळ झोप. शिडी करकरली तसा बाईंनी एक डोळा उघडला, लेकीचा हात धरून जवळ ओढला आणि पुटपुटल्या, "तुझ्या बाबांना म्हणावं, तारीख तुम्हीच काढा. पण सूनबाई, आता हळू उतर. हे जागे झाले तर पुन्हा मोजायला लागतील."