कात्रीनं कापलेली टेप

तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि माझ्याहून हुशार माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर नाही अशी माझी खात्री होती. शिरूरची पोर, पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली. दौंडला आत्याकडं राहायची आणि तिथून साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर कामाला जायची. सत्तरचं दशक संपत आलं होतं. चेअरमननं हौसेनं आणलेलं ते कपाटाएवढं यंत्र बघायला गावंच्या गावं यायची. मला वाटायचं, मलाच बघायला येतात.

यंत्र चालवायचे मामा; सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. पन्नाशीचे, वडगाव रासाईच्या बौद्धवाड्यातले. वाड्यातले बरेच जण कारखान्यात होते, पण ऑफिसात पंख्याखाली खुर्ची असलेले ते एकटेच.

रोज सकाळी यंत्राला सगळं नव्यानं शिकवावं लागे. भोकं पाडलेली कागदी टेप त्यातून सरकवली की ते शहाणं व्हायचं. मामांची टेप एकच, अखंड. मूळ गाभा, यादी लावणं, चुका तपासणं, छपाई, सगळं एकापुढं एक डिंकानं चिकटवलेलं. भरायला पाऊण तास, आणि निम्मी मेमरी त्यातच खपायची.

"मामा, हा काय येसूर केलाय? सगळे मसाले कुटून एकत्र!"

"ताई, येसूर हाय म्हनून आमटी बिघडत न्हाई."

"गाभा लहान ठेवायचा, बाकीचे तुकडे सुटे. लागेल तो भरायचा. नदीवर पाण्याला जाताना कुणी सगळं बिऱ्हाड डोक्यावर घेतं का?"

कारकून खो खो हसले. मामा हसले नाहीत. मग एका दुपारी ते जेवायला गेले तेव्हा मी कात्री घेतली आणि टेप सहा ठिकाणी कापली. तिची दुसरी प्रत नाही, हे मला ठाऊक होतं. सात तुकडे, सात डबे, वर माझ्या वळणदार अक्षरात नावं.

"इचारायचं तरी," मामा एवढंच म्हणाले.

आठवड्यानं चेअरमन पाहुणे घेऊन आले. ऊसतोडीची यादी छापून दाखवायची होती. गाभा पाच मिनिटांत भरला. मी नाक वर करून उभी. छपाईचा तुकडा मी आदल्याच दिवशी सुधारून नवा पंच केला होता. पण गाभा जुनाच होता, आणि नवा तुकडा त्यात जिथं हात घालायचा, तिथं भलतंच काही बसलं होतं. प्रिंटरनं अर्धा ताव अगम्य अक्षरं ओकली आणि यंत्रावरचे लुकलुकणारे दिवे थिजले.

"कुनी लावली टेप?" चेअरमन कडाडले.

"मामांनी," मी म्हणाले.

एक अक्षर खोटं नव्हतं. लावली त्यांनीच होती. त्यांच्या हातात दिली होती मी. मामा माझ्याकडं बघत राहिले. मी प्रिंटरकडं बघत होते, फार मन लावून.

दुसऱ्या दिवसापासून मामा बाहेर वजनकाट्यावर. खुर्ची मला.

बसल्यावर कळलं, खुर्ची यंत्र चालवत नाही. छपाईचा जुना तुकडा घेऊन टेप पुन्हा जोडू म्हटलं, तर डब्यांवर नावं होती, क्रम नव्हता. क्रम मामांच्या डोक्यात. मग मीच गेले काट्यावर. त्यांनी आधी तीन बैलगाड्या तोलल्या, मला उन्हात तसंच उभं ठेवून.

"ताई, सुटंच बरं व्हतं की तुमचं," ते मोठ्यानं म्हणाले. गाडीवान फिदीफिदी हसले. मग बोटांवर मोजत त्यांनी सातही नावं ओळीनं सांगितली. मी ती तळहातावर लिहून घेतली.

संध्याकाळी यादी छापून निघाली. "बघा, बाईंनी दुरुस्त केलं!" चेअरमन म्हणाले. मी लाजून मान हलवली. लाजायचं मला छान जमायचं.

सुटे तुकडेच बरोबर होते, हे मी आजही भांडून सांगेन. फक्त ते एकमेकांशी जुळतात का, हे रोज कुणीतरी बघावं लागतं. ते बघू शकणारा एकच माणूस तिथं होता, आणि त्याला मी धुळीत धाडलं होतं.

हंगामभर काट्यावरून जाताना मी मान खाली घालत असेन, असं वाटतं तुम्हाला? छे! नवी पर्स झुलवत जायची.