वहिनीला ऐकू आलेला खालचा सूर

मी नेदरलँड्सला निघाले त्या सकाळी आम्ही सगळे वाटूर फाट्यावर उभे होतो. दादाने जालन्यापर्यंत जीप सांगितली होती आणि तिला उशीर झाला होता. आबा रस्त्याकडे बघत आणि थोड्या थोड्या वेळाने एकच वाक्य म्हणत, "मन लागलं न्हाई तर वापस ये." आई माझ्या बॅगेच्या चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. वहिनी, म्हणजे दादाची बायको, चटणीचा डबा धरून माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तरी मी तिला तू म्हणायचे आणि ती मला तुम्ही. घरातली शिकलेली नणंद म्हणून असेल.

जीप आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, तिकडचं काही पाठवत जा. फोटो नका पाठवू, फोटो सगळेच पाठवतात. तिकडं कानाला काय ऐकू येतं, ते पाठवा."

वहिनीचं माहेर हसनाबादचं. तिचे वडील भजनात पेटी वाजवायचे आणि लग्नाआधी ती त्यांच्याबरोबर गायची. आमच्या घरी आल्यावर तिला कुणी गाऊ नको म्हटलं नाही. गा, असंही कुणी म्हटलं नाही. सहा वर्षं एका घरात राहून मी तिचं गाणं कधी ऐकलं नव्हतं, आणि याचं मला तेव्हा काही वाटतही नव्हतं.

लायडनमधला पहिला हिवाळा मला फार जड गेला. लॅबमध्ये दिवसभर बोलणं व्हायचं ते सगळं कामापुरतं. एका शनिवारी दुपारी बाहेर बोचरा वारा होता म्हणून मी एका चर्चमध्ये शिरले. आत कुणीतरी ऑर्गनवर सराव करत होतं. ऑर्गन म्हणजे भिंतभर उंच नळ्यांचं, हवेवर चालणारं प्रचंड वाद्य. त्या दुपारी मी थंडी विसरले. फोन काढला, मिनिटभराचं रेकॉर्डिंग केलं आणि वहिनीला पाठवलं.

संध्याकाळपर्यंत तिचं उत्तर आलं, तेही तिच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं. "ताई, हे खालचं कोण वाजवून राह्यलं? वरचं नुसतं पळून राह्यलंय. पण खालचा बिलकुल घाई करत न्हाई, बराबर एकेक पाऊल टाकतो. तो थांबला तर वरचा पडंल."

मी तोवर वरचंच ऐकलं होतं. पुन्हा लावून ऐकलं तेव्हा खालचा सूर सापडला. ते संगीत तीनशे वर्षांपूर्वीचं, त्याला बरोक म्हणतात, आणि ती सगळी इमारत त्या खालच्या सुरावर उभी असते, हे मला पुढे पुस्तकांतून कळलं. वहिनीला ते पहिल्या मिनिटातच ऐकू आलं होतं.

मग आमचं सुरू झालं. मी पाठवायचे, ती ऐकायची. कापूस वेचताना पदराखालून एका कानात वायर. दुसरा कान आईच्या हाकेसाठी मोकळा. संगीतकारांची नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने स्वतःची नावं ठेवली. चर्चमध्ये वाजवणारे, शाळेत पोरांना शिकवणारे, घर लेकरांनी भरलेले ते 'मास्तर'. अनाथ मुलींना व्हायोलिन शिकवणारे तांबड्या केसांचे पाद्री ते 'लाल महाराज'. आपला मुलूख सोडून लंडनला गेले आणि तिथलेच झाले ते 'लंडनवाले'. लंडनवाल्यांचं काही पाठवलं की ती म्हणायची, "हे तुमच्यातले."

तिचे प्रश्न वेगळेच असायचे. लाल महाराजांच्या पोरी मोठ्या झाल्यावर वाजवत राहिल्या का? मास्तरांच्या घरात कुणी गायचं का? मी शोधून सांगितलं, की मास्तरांची दुसरी बायको चांगली गाणारी होती. लग्नानंतर तिने नवऱ्याच्या सुरावटी कागदावर उतरवून दिल्या, पुष्कळ दिल्या.

थोड्या वेळाने वहिनीचं उत्तर आलं. "म्हणजे गाणं गेलं आणि लिहायचं काम राह्यलं."

एकदा माझ्या आग्रहावरून आई-आबांनाही तिने ऐकवलं. आबा म्हणाले, "चांगलं आहे, पण ह्याला संपायचं कधी ते कळत न्हाई." ते सांगताना वहिनी इतकी हसली, की मला तिचं हसणं लायडनच्या स्वयंपाकघरात एकटीला पुरून उरलं.

दुसऱ्या वर्षी मी तिथल्या एका हौशी गायकवृंदात गेले. तिकडे वसंतात, ईस्टरच्या आधी, गावोगाव लोक जमून मास्तरांची मोठी रचना गातात. कुणी नर्स, कुणी बेकरीवाला, कुणी निवृत्त शिक्षक. दीड वर्ष मी ज्यांच्या शेजारून मान खाली घालून जात होते, त्यांच्या रांगेत मला जागा मिळाली. ही गोष्ट मला किती मोठी वाटत होती हे सांगायला हवं, कारण पुढचं त्यातूनच घडलं.

एक भाग मला जमत नव्हता. खालचा सूर कानात राहिला असता तर माझा वरचा सूर आपोआप बसला असता. मी वहिनीला तो भाग पाठवला आणि म्हटलं, "खालचं तेवढं तू गाऊन पाठव ना."

ती नको नको म्हणाली. मग चार दिवसांनी पाठवलं. सारेगममध्ये बसवलं होतं. तिचा जाडसर, खोल आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. मध्येच कुकरची शिटी झाली. ती थांबली, शिटी संपू दिली, आणि मनातल्या मनात चाल पुढे गेलेली असल्यासारखं नेमक्या जागी पुन्हा उचललं. एकही सूर मागे राहिला नव्हता.

पुढच्या सरावाला कॉफीच्या सुट्टीत मी ते सगळ्यांना ऐकवलं. का ऐकवलं? तेव्हा विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कौतुकाने. पण शिटीच्या जागी हशा पिकला तेव्हा मी त्यांना थांबवलं नाही. मी कुकरची शिटी तोंडाने वाजवून दाखवली. गावाकडचं स्वयंपाकघर कसं असतं, त्याची नक्कल केली. सगळे हसले, मीही हसले, आणि त्या दिवशी मी त्यांच्यातली झाले. एका बाईने ते रेकॉर्डिंग मागितलं. मी लगेच देऊन टाकलं.

तिने त्यावर चर्चचे फोटो लावून, खाली इमोजीचे हसणारे चेहरे टाकून ते नेटवर चढवलं. वाईट हेतू नव्हता. पण तिने त्याला माझं नाव जोडलं होतं. फिरत फिरत ते पुण्याच्या चुलतभावापर्यंत पोहोचलं आणि त्याने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं. आवाज घरातल्यांनी ओळखला. हसणारे चेहरे तिथेही वाढत गेले. परतूरच्या बाजारात कुणीतरी दादाला म्हणालं, "तुमच्या घरी इंग्रजी भजन सुरू झालं म्हणं." दादा भांडणारा माणूस नाही. घरी येऊन तो वहिनीला एवढंच म्हणाला, "आता बास कर ते."

वहिनीचा मला एकच मेसेज आला. "ताई, ते सगळ्यांना पाठवायचं नव्हतं."

त्याच क्षणी मी फोन करायला हवा होता. मी लिहिलं, "अगं, लोकांना आवडलंय. कौतुक करतायत तुझं." हे खोटं होतं आणि तिला ते कळणार हे मला माहीत होतं. हशापेक्षा मला आज हे वाक्य जास्त टोचतं.

त्यानंतर मी पाठवलेलं सगळं तिला पोहोचत राहिलं. उत्तर आलं नाही.

वर्षाने मी घरी गेले. जानेवारी होता. दुपारी वहिनी अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले, सोलू लागले. निम्म्या शेंगा सोलून झाल्या. मग मी म्हटलं, "वैनी, माझं चुकलं. मी ते त्यांना द्यायला नको होतं."

"जाऊ द्या. लोक हसतातच."

"नाही, पण..."

"मला एकच सांगा," ती म्हणाली. तिचे हात चालूच होते. "ते हसले तवा तुम्ही हसल्या का?"

खोटं बोलायची माझी पाळी एकदा होऊन गेली होती. मी म्हटलं, "हो."

तिने मान हलवली. "मंग माझा अंदाज बराबर होता. त्यातली एक बाई तिकडं हसली, तिचं मला काय. मी तुमच्यासाठी गायलं होतं. दार लोटून, आई देवळात गेल्त्या तवा."

"आता ऐकत नाहीस का काहीच?"

"लावलं होतं दोनदा. मास्तरांचं. पण आधी तुमचं हसणं ऐकू येतं, मंग गाणं. म्हणून बंद केलं." तिने दाणे माझ्यापुढे सरकवले. "राग न्हाई ताई. राग असता तर बोलले असते. आज उसळ करू का आमटी?"

मी आमटी म्हणाले. तिने ती माझ्या आवडीची तिखट केली.

तेव्हापासून आमच्यात सगळं नीट आहे. दर रविवारी फोन होतो. आईचे गुडघे, आबांची औषधं, तूर किती फुलली, माझं जेवण. ती सगळं विचारते. ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटेल, काय जीव आहे या दोघींचा. मी अजून त्या गायकवृंदात गाते. खालच्या आवाजांची रांग माझ्या मागे उभी असते, आणि त्यांनी सुरुवात केली की मला वळून बघवत नाही.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "तुझी वैनी आता गुरुवारी बायकांच्या भजनात जाऊन राह्यली. पुढं बसून गाती. बाया म्हणतात, असा आवाज इतके दिवस कुठं होता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण तुला सांगू नको म्हणली होती."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर गेले त्यांना विचारलं, की घर म्हणजे काय, तर ते हाका, वास, अंगण असं काही सांगतील. मीही तेच सांगायचे. आता माझ्यापुरतं घर म्हणजे वाटूरजवळचं ते गाव, जिथे दर गुरुवारी वहिनी गाते आणि ते मला कळू द्यायचं नाही असं तिने ठरवलं आहे.

मी आईला म्हटलं, "बरं. मी काही ऐकलं नाही." आणि गुडघ्यांचं विचारलं.